परिचर्या-कौशल्ये : अध्यापन व मूल्यमापन

परिचर्या-कौशल्ये : आजारी, जखमी, प्रसूत किंवा दुर्बल व्यक्तीची शुश्रूषा करताना परिचारिकेला काही कृती हातांनी, काही निरीक्षणे ज्ञानेंद्रियांनी व काही कामे संभाषणाने पार पाडावी लागतात. ही सर्व कामे बिनचूकपणे, सुरक्षितपणे व रुग्णाचा मान राखून करण्याच्या क्षमतेस परिचर्या-कौशल्ये असे म्हणतात. नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब यांची नोंद घेणे, औषध देणे, इंजेक्शन टोचणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, मूत्राशयात कॅथेटर घालणे, प्रसूती करणे, श्वास न घेणाऱ्या नवजात बालकास श्वास देणे, तसेच भयभीत रुग्णास धीर देणे व नातेवाइकांना पथ्य समजावून सांगणे या सर्वांचा त्यांत समावेश होतो. ही कौशल्ये विद्यार्थ्यांना कशी शिकवावीत आणि ती त्यांना खरोखरच आली आहेत की नाहीत हे कसे ठरवावे, हे परिचर्या शिक्षणातील दोन मध्यवर्ती प्रश्न होत.

या प्रश्नांचे महत्त्व परिचारिकेच्या कामाच्या स्वरूपात आहे. रुग्णालयातील डॉक्टर रुग्णास दिवसातून काही मिनिटे पाहतात. उरलेला वेळ तो परिचारिकेच्या देखरेखीखाली असतो. ग्रामीण भागात तर ती पुष्कळदा एकटीच असते. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशात सुमारे ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा भारतातील ग्रामीण आरोग्यसेवेचा दंडक आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले गाव होय. हा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असून जिल्ह्याचे ठिकाण तेथून दूर पडते. अशा परिसरातील वस्तीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेपुढे रात्री एखादी अडलेली बाळंतीण आली, तर पहिली कृती तिलाच करावी लागते. त्या वेळी तिने वर्गात कोणती उत्तरे लिहिली होती यापेक्षा तिचा हात काय करू शकतो यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून तिला प्रमाणपत्र देण्यापूर्वी कोणीतरी तिचा हात काम करताना पाहिलेला असणे आवश्यक ठरते.

इतिहास : आधुनिक परिचर्या शिक्षणाचा आरंभ सामान्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली निघालेल्या शाळेपासून मानतात. पहिल्या वर्षी तीत १५ उमेदवार होत्या. या शाळेची एक विशेष गोष्ट म्हणजे प्रत्येक उमेदवाराच्या आचरणाची व कामाची नोंद ठेवणारा मासिक तक्ता. ड्रेसिंग, पट्टी बांधणे, एनिमा देणे, बिछाना करणे यांसारख्या कृती ती कशी करते, याबद्दल उत्तम, चांगले, मध्यम असे शेरे या तक्त्यात मांडले जात. कौशल्याचे पद्धतशीर मूल्यमापन करण्याचा हा एक आद्य प्रयत्न म्हणता येईल.

महाराष्ट्रात परिचारिकांचे शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांतून सुरू झाले. मुंबईत १८८६ मध्ये उघडलेल्या कामा रुग्णालयात एडिथ पीची या इंग्रज स्त्री-डॉक्टरांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणास चालना दिली. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख असे प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. मिरजेस विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयाबरोबर परिचारिकांची शाळाही वाढीस लागली. मात्र हिंदू समाजातील उच्चवर्णीय स्त्रियांना हे काम दीर्घकाळ वर्ज्य वाटत असे. परक्या पुरुषाच्या देहास स्पर्श करणे, रक्त व मलमूत्र हाताळणे आणि रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी तत्कालीन रूढीच्या विरुद्ध होत्या. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदन संस्थेने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली हा अडसर दूर करण्याचा यत्न केला. ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांची संस्थेने राहण्याची सोय केली व विधवांसह अनेक स्त्रियांना या व्यवसायाकडे वळविले. हे शिक्षण पुस्तकांपेक्षा वॉर्डात अधिक होत असे. किंबहुना रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहणे, हीच त्यातील पहिली परीक्षा होती.

त्या काळची पद्धत उमेदवारीची होती. विद्यार्थिनी वॉर्डातील काम करी आणि करता करता शिके. या पद्धतीत हात तयार होत, पण शिक्षण योगायोगावर अवलंबून राही. वॉर्डात जे रुग्ण येत व ज्येष्ठ सिस्टर जशी पद्धत वापरी, तेवढेच विद्यार्थिनीच्या वाट्यास येई. शिवाय रुग्णालयास स्वस्तात मनुष्यबळ मिळत असल्याने शिकण्यापेक्षा काम उरकण्यास महत्त्व येई. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात देशातील परिचारिकांची अत्यल्प संख्या व त्यांच्या राहणीची आणि कामाची असमाधानकारक स्थिती निदर्शनास आणली. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमामुळे देशभर शिक्षणाचा किमान दर्जा ठरविण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्रात १९६६ च्या अधिनियमान्वये राज्य परिषदेकडे नोंदणीचे काम आले. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. शिक्षण विद्यापीठात गेल्यामुळे त्याचा शास्त्रीय पाया भक्कम झाला. तथापि वर्ग व वॉर्ड यांच्यातील अंतरही वाढले. हे अंतर कसे भरून काढावे, याचा विचार पुढील काळातील अध्यापन-पद्धतींच्या मुळाशी आहे.

कौशल्याचे स्वरूप : कौशल्य म्हणजे केवळ हाताची सफाई नव्हे. त्यात ज्ञान, कृती व वृत्ती ही तीन अंगे एकत्र आलेली असतात. रक्तदाब मोजण्याचे साधे उदाहरण घेता येईल. रुग्णास काही वेळ स्वस्थ बसविणे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवणे, योग्य मापाचा पट्टा निवडणे, प्रथम नाडीच्या स्पर्शाने वरच्या दाबाचा अंदाज घेणे, नंतर पट्टा त्याहून सुमारे ३० मिमी. अधिक फुगविणे, दर सेकंदास २ ते ३ मिमी. या गतीने हवा सोडणे आणि आवाज नेमका कोठे सुरू होतो व कोठे लोपतो हे ऐकणे, इतक्या पायऱ्या या कृतीत आहेत. पट्टा अरुंद असेल, तर दाब खोटाच अधिक भरतो. हवा घाईने सोडली, तर वरचा आकडा कमी व खालचा अधिक मिळतो. एखाद्या वॉर्डातील तक्त्यावर ओळीने सर्व रुग्णांसमोर १२०/८० असे आकडे दिसू लागले, तर तेथे मापनाची जागा अंदाजाने घेतली आहे असे जाणकार ओळखतो. यंत्र हाताळता येणे, आलेल्या आकड्याचा अर्थ कळणे आणि जे मोजले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा असणे, या तिन्हींपैकी एकही गोष्ट उणी असेल, तर कौशल्य अपुरे राहते.

काही कौशल्यांचे मर्म शब्दांत सांगता येत नाही. क्षयप्रतिबंधक बीसीजी लस बालकाच्या डाव्या दंडावर त्वचेच्या पापुद्र्यातच टोचावी लागते. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून ती त्वचेस जवळजवळ समांतर सरकवावी, हे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु सुई पापुद्र्यात आहे की खाली गेली आहे, हे पिचकारीच्या दट्ट्यास लागणाऱ्या प्रतिकारावरून बोटांना कळते व त्वचेवर उठणाऱ्या फिकट गांधीवरून डोळ्यांना दिसते. हे ज्ञान सरावातून व चूक तेथल्या तेथे दाखविणाऱ्या शिक्षकाकडूनच येते.

कृतिकौशल्य कसे विकसित होते, याची एक श्रेणी भारतीय शिक्षणतज्ज्ञ र. ह. दवे यांनी १९७० च्या सुमारास मांडली. अनुकरण, हाताळणी, अचूकता, सुसूत्रता व सहजता अशा तिच्या पाच पायऱ्या असून जगभरच्या परिचर्या शिक्षणात ती वापरली जाते. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण व तज्ज्ञ असे पाच टप्पे वर्णिले. नवशिकी परिचारिका नियम पाळते. तज्ज्ञ परिचारिका रुग्णाचा चेहरा पाहूनच काहीतरी बिघडते आहे हे ओळखते. पदवी वा पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याकडून तज्ज्ञतेची अपेक्षा करता येत नाही. परंतु तो सुरक्षितपणे काम करील व आपली मर्यादा ओळखून वेळीच मदत मागेल, एवढी हमी शिक्षणसंस्थेने दिली पाहिजे.

अध्यापन : कौशल्याचे अध्यापन सर्वसाधारणपणे प्रयोगशाळेत सुरू होऊन वॉर्डात व नंतर समाजात पूर्ण होते. पहिल्या टप्प्यात शिक्षक कृती करून दाखवितो. शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये सुचविलेली चार पायऱ्यांची रीत या दृष्टीने उपयुक्त ठरली आहे. शिक्षक प्रथम संपूर्ण कृती नेहमीच्या गतीने व न बोलता करतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक पायरी समजावून करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो व शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी सांगत स्वतः करतो. यांतील तिसरी पायरी विशेष महत्त्वाची होय, कारण विद्यार्थ्याच्या मनात क्रम चुकीचा बसला असेल, तर तो रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथे उघड होतो.

सरावासाठी प्रतिकृतींचा उपयोग जुना आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका शाळेसाठी मार्था चेस या बाहुल्या बनविणाऱ्या स्त्रीने १९११ मध्ये मनुष्याकृती बाहुली तयार केली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. नॉर्वेतील ऑस्मुन्ड लेर्डाल यांनी १९६० मध्ये पुनरुज्जीवनाच्या सरावासाठी ‘रिससी अ‍ॅन’ हा पुतळा बनविला. आता नाडी, श्वासोच्छ्वास व हृदयध्वनी यांत बदल दाखविणारे संगणकचलित पुतळेही उपलब्ध आहेत. साधनांच्या अभावी शिक्षण अडून राहत नाही. संत्र्यावर इंजेक्शनचा, उशीवर स्नायूत टोचण्याच्या कोनाचा व एकमेकांच्या हातापायांवर पट्ट्या बांधण्याचा सराव अनेक शाळांतून होत आला आहे. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांत केलेला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. उत्तम दर्जाच्या अनुरूपणाने रुग्णालयातील तासांपैकी निम्म्यापर्यंत तास भरून काढले, तरी विद्यार्थ्यांच्या अंतिम क्षमतेत फरक पडत नाही, असे त्यात आढळले. मात्र हा निष्कर्ष प्रशिक्षित शिक्षक, पुरेसा वेळ व प्रत्येक प्रसंगानंतरची सविस्तर चर्चा यांवर आधारलेला आहे. महागडा पुतळा कपाटात बंद ठेवणाऱ्या संस्थेस तो लागू होत नाही.

प्रयोगशाळेतून वॉर्डात गेल्यावर विद्यार्थ्यापुढे निराळ्या अडचणी उभ्या राहतात. पुतळा कण्हत नाही, हात मागे घेत नाही आणि प्रश्न विचारीत नाही. वॉर्डात खाटा भरलेल्या असतात व साहित्य मोजके असते. पुस्तकातील पद्धत व वॉर्डातील पद्धत यांत तफावत दिसली, की विद्यार्थी बहुधा वॉर्डाचीच पद्धत उचलतो. उदा., दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार द्रावण चोळून २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात. ज्येष्ठ कर्मचारी ते टाळताना दिसले, तर वर्गातील व्याख्यान व्यर्थ ठरते. म्हणून वॉर्डातील अध्यापनात शिक्षकाने स्वतः रुग्णाची सेवा करणे, वॉर्ड-प्रमुख परिचारिकेस अध्यापनात सहभागी करून घेणे आणि कामाच्या आधी व नंतर छोटी चर्चा ठेवणे आवश्यक मानतात. एका शिक्षकामागे सुमारे दहा विद्यार्थी असावेत, असा भारतातील सर्वसाधारण दंडक आहे. तथापि प्रसूतिगृहात किंवा अतिदक्षता विभागात एकाच वेळी दहा जणांचे हात पाहणे कोणत्याही शिक्षकास शक्य नसते.

संभाषण हेही शिकविण्याचे कौशल्य होय. महाराष्ट्रात परिचर्येची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत, तर रुग्ण आपले दुखणे ‘जीव घाबरतो’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘पोटात कळ उठते’ अशा शब्दांत सांगतो. गर्भवतीने सांगितलेल्या ‘अंधारी’मागे रक्तक्षय असेल वा वाढलेला रक्तदाब असेल. नेमके काय होते, केव्हा होते, डोके दुखते का, पायांवर सूज आहे का, हे तिच्याच भाषेत विचारून घेणे हे निदानाच्या वाटेवरील पहिले पाऊल असते. रुग्ण हे शिकण्याचे साधन नसून व्यक्ती आहे, याचे भानही येथेच द्यावे लागते. विद्यार्थ्याने आपण विद्यार्थी असल्याचे सांगून रुग्णाची संमती घ्यावी, पडदा लावावा व अनावश्यक अंग उघडे टाकू नये, हे नियम कृतीचा भाग म्हणूनच शिकविले पाहिजेत.

मूल्यमापन : मूल्यमापनाचे दोन हेतू असतात. एक, शिकणाऱ्यास आपल्या उणिवा कळाव्यात. दुसरा, अपात्र व्यक्तीच्या हाती रुग्ण जाऊ नये. अमेरिकन वैद्यकशिक्षक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या मूल्यमापनाचा चार थरांचा मनोरा मांडला. माहीत आहे, कसे करावे हे माहीत आहे, करून दाखविता येते आणि प्रत्यक्ष कामात केले जाते, असे ते थर आहेत. लेखी परीक्षा पहिल्या दोन थरांपलीकडे जात नाही. परिचर्येत मात्र वरच्या दोन थरांवाचून प्रमाणपत्रास अर्थ उरत नाही.

पारंपरिक प्रात्यक्षिक परीक्षेत एक अंतर्गत व एक बाह्य परीक्षक असतात. विद्यार्थ्यास एक रुग्ण व एखादी कृती नेमून दिली जाते आणि नंतर तोंडी प्रश्न विचारले जातात. या पद्धतीत खरा रुग्ण असतो, हा तिचा गुण होय. परंतु एकास सोपा व दुसऱ्यास गुंतागुंतीचा रुग्ण मिळतो, परीक्षकांचे निकष भिन्न असतात आणि एकाच कृतीवरून सर्व क्षमतेचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे तिची विश्वसनीयता कमी राहते. कित्येकदा परीक्षक कृती पाहण्याऐवजी प्रश्न विचारण्यातच वेळ घालवितो आणि प्रात्यक्षिकाच्या नावाखाली पुन्हा स्मरणशक्तीचीच परीक्षा होते.

दुसरी रूढ पद्धत अनुभव-नोंदवहीची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २००४ नंतरच्या पदवी अभ्यासक्रमात प्रसूतिविद्येसाठी ३० गर्भवतींची तपासणी, २० सर्वसाधारण प्रसूती, २० बाळंतिणींची शुश्रूषा व नवजात पुनरुज्जीवनाचे ५ प्रसंग अशा किमान संख्या ठरविलेल्या होत्या. असे आकडे अनुभवाची हमी देतात. कौशल्याची देत नाहीत. वीस प्रसूती चुकीच्या पद्धतीने केल्यास चूकच पक्की होते. शिवाय एकाच प्रसूतीभोवती अनेक विद्यार्थी उभे असताना ती कोणाच्या नावावर लिहावी, हा प्रश्न उरतोच. संख्या भरण्याच्या ओढीत नोंदवहीवरील सही हा उपचार बनतो. जी कृती पाहिली नाही तिच्यापुढे सही करणे, हा या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष होय.

या उणिवा दूर करण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सालयीन परीक्षा प्रचारात आणली. ‘ओस्की’ या नावाने ती ओळखली जाते. तीत अनेक स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक विद्यार्थी ठरावीक मिनिटे एका स्थानकावर थांबून नेमून दिलेले काम करतो आणि घंटा वाजताच पुढे सरकतो. एका स्थानकावर रक्तदाब मोजावयाचा, दुसऱ्यावर पुतळ्याच्या साहाय्याने नवजातास श्वास द्यावयाचा, तिसऱ्यावर रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीस मधुमेहाचे पथ्य समजावयाचे, असे तिचे स्वरूप असते. परीक्षक पूर्वी तयार केलेल्या तपासणी-यादीप्रमाणे गुण देतो. सर्वांना सारखीच कामे व सारखेच निकष लागत असल्यामुळे नशिबाचा भाग कमी होतो. मूळ वैद्यकासाठी निघालेली ही पद्धत पुढील दशकांत परिचर्या शिक्षणातही रुजली.

तपासणी-यादी वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. स्नायूत इंजेक्शन देण्याच्या कृतीची २० पायऱ्यांची यादी आहे आणि प्रत्येक पायरीस एक गुण आहे, असे समजू. एका विद्यार्थ्याने ट्रे नीट मांडला नाही व साहित्य आवरले नाही. त्यास १८ गुण मिळतील. दुसऱ्याने सर्व काही नीट केले, पण रुग्णाचे नाव व औषधाची मात्रा पडताळली नाही; त्यासही १८ गुणच मिळतील. पहिला थोडा अव्यवस्थित आहे, तर दुसरा धोकादायक आहे. म्हणून ज्या पायरीच्या चुकीने रुग्णास इजा होईल ती अनिवार्य धरावी व ती चुकल्यास बेरीज कितीही भरली, तरी विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण ठरवावे, अशी पद्धत योग्य मानली जाते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी एका मिनिटाच्या आत १० एकक ऑक्सिटोसिन स्नायूत देताना गर्भाशयात दुसरे बाळ नाही याची प्रथम खात्री करणे, ही अशीच एक अनिवार्य पायरी आहे. यादीबरोबरच एकंदर कृतीविषयी अनुभवी परीक्षकाचे समग्र मतही नोंदविले जाते, कारण सर्व पायऱ्या करूनही हात चाचपडत असेल, तर यादी ते सांगत नाही.

ओस्कीच्याही मर्यादा आहेत. ती संपूर्ण शुश्रूषेचे तुकडे पाडते. पाच मिनिटांच्या स्थानकात रात्रपाळीच्या शेवटी थकलेल्या अवस्थेतील वर्तन दिसत नाही. तिला जागा, साहित्य व परीक्षकही पुष्कळ लागतात. म्हणून मनोऱ्याच्या चौथ्या थरासाठी प्रत्यक्ष कामाच्या जागी, खऱ्या रुग्णावर, वेगवेगळ्या दिवशी व वेगवेगळ्या निरीक्षकांनी केलेले छोटे मूल्यमापन तिला जोडावे लागते. निरीक्षणानंतर लगेच, रुग्णापासून बाजूला घेऊन, काय चांगले झाले व पुढच्या वेळी काय बदलावे हे सांगणे, हा या पद्धतीचा प्राण आहे. नुसता गुणांक हाती दिल्याने हात सुधारत नाही.

अनुत्तीर्ण ठरविण्याचे धैर्य हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले, की विद्यार्थ्याच्या क्षमतेविषयी शंका असूनही मार्गदर्शक त्यास अनुत्तीर्ण करण्याचे टाळतात. दया, पुरेशा लेखी पुराव्याचा अभाव व पुढे कोणीतरी थांबवील ही आशा, अशी कारणे त्यामागे असतात. भारतात कुटुंबाने कर्ज काढून भरलेली फी व संस्थेच्या निकालाची काळजी यांचा दबाव त्यात मिळतो. सुरुवातीपासून वारंवार व लेखी निरीक्षणे ठेवल्यास विद्यार्थ्यास सुधारण्याची संधी मिळते आणि अखेरचा निर्णय आकस्मिक ठरत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या, पदवी आणि पदव्युत्तर असे अभ्यासक्रम चालतात. पहिला दोन वर्षांचा, दुसरा तीन वर्षांचा व पदवीचा चार वर्षांचा असतो. १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी परिचर्या महाविद्यालये मोठ्या संख्येने संलग्न आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या पदवी अभ्यासक्रमात सत्र व श्रेयांक पद्धती आली. त्यात सत्रभरातील सिद्धान्ताचे २० तास, प्रयोगशाळेतील ४० तास व रुग्णालयातील ८० तास यांस प्रत्येकी एक श्रेयांक दिला जातो. क्षमतांच्या याद्या, कौशल्य-प्रयोगशाळा व ओस्की यांना त्यात अधिकृत स्थान मिळाले. सेवेत असलेल्या परिचारिकांची प्रसूती व नवजात-काळजीची कौशल्ये ताजी ठेवण्यासाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये कौशल्य-प्रयोगशाळांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पुनरुज्जीवनासारखे क्वचित वापरले जाणारे कौशल्य काही महिन्यांतच क्षीण होत असल्याने अशा पुनःप्रशिक्षणाची गरज असते. परिचर्या व प्रसूतिविद्या शिक्षणाच्या नियमनासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला.

औपचारिक परिचर्या शिक्षणाबाहेर महाराष्ट्रात झालेले दोन प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. परांडा व भूम तालुक्यांच्या शेजारी असलेल्या जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे अल्पशिक्षित व निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्या गावात काम करीत व नियमितपणे जामखेडला येऊन आलेल्या अडचणींवर चर्चा करीत, पुन्हा शिकत व परत जात. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात-काळजी देण्याचा प्रयोग केला. काही इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रियांना बाळाचे वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे व प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकविण्यात आली आणि त्यांच्या कामाची गावात जाऊन वेळोवेळी तपासणी होत असे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे नवजात जंतुसंसर्गाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बाधित बालकांत १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. या स्त्रिया परिचारिका नव्हत्या व दोन्ही ठिकाणच्या यशास इतरही कारणे होती. तरीही थोडे शिकवून ते वारंवार करून घेणे व कामाच्या जागी जाऊन पाहणे यांतून कौशल्य कसे टिकते, हे त्यांवरून दिसून येते.

परिचर्या शिक्षणापुढील मुख्य अडचण साधनांपेक्षा निरीक्षकांची आहे. विद्यार्थी व संस्था वाढल्या. पण खाटेपाशी उभे राहून शिकविणारे अनुभवी शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. पदवी अभ्यासक्रमासाठी संस्थेस किमान १०० खाटांचे रुग्णालय आवश्यक मानले जाते. परंतु खाटांच्या संख्येवरून त्यांवर रुग्ण किती व त्या रुग्णांपाशी शिक्षक किती वेळ असतो, हे कळत नाही. जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांतील अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शनाचे प्रशिक्षण, त्यासाठी कामाच्या वेळात सवलत व रीतसर मान्यता दिल्यास ही उणीव बरीच भरून निघेल. विद्यार्थ्यांना काही काळ परांड्यासारख्या तालुक्यांतील उपकेंद्रांवर ठेवून तेथील मर्यादित साधनांत त्यांचे काम पाहणे हेही आवश्यक आहे. मोठ्या रुग्णालयात मदतीस अनेक हात असतात, तर तेथे पुढे जाऊन परिचारिकेला स्वतःच्याच हातांवर विसंबावे लागते. ती त्यासाठी तयार आहे, अशी सही करणाऱ्याने ते काम स्वतः पाहिलेले असणे, हीच कौशल्य-मूल्यमापनाची किमान अट होय.